तीस घरांचं नाव

माझ्या हातून एका म्हातारीचा चांगला डोळा जायची वेळ आली होती, आणि त्याला कारण माझा अडाणीपणा नव्हता, माझं शहाणपण होतं. अडाणी माणूस निदान दोनदा विचारतो. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, सी भाषा शिकले होते आणि कुणाला काही विचारायची मला गरजच वाटत नव्हती.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमचं घर ओतूरजवळ, मळ्यात. रोज सकाळी एसटीनं जुन्नरला यायचं, जुन्या बाजारातल्या गल्लीत शिरायचं, भांड्यांच्या दुकानाशेजारचा लाकडी जिना चढायचा आणि वर कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी चपला काढायच्या. देवळातसुद्धा लोक इतक्या निमूटपणे चपला काढत नसत. आत तीन कॉम्प्युटर होते आणि त्यांना धूळ लागू नये म्हणून आमचे पाय धुळीचे झाले तरी चालत होते. मी तिथंच शिकले आणि तिथंच शिकवायला लागले.

क्लासचे सर फार कमी बोलत. कुणाचा प्रोग्राम चुकला तर ओरडत नसत. छापलेला कागद समोर घेत आणि चुकलेल्या ओळीशेजारी पेन्सिलीनं एक टिंब देत. बाकी तुमचं तुम्ही शोधायचं. माझ्या कागदावर त्यांनी फारशी टिंबं दिली नव्हती, आणि हे मी घरीदारी सगळ्यांना सांगितलं होतं.

त्या हिवाळ्यात सरांकडे एक काम आलं. एका ट्रस्टच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं शिबिर होणार होतं. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरातल्या गावांत कार्यकर्ते आधी जाऊन आले होते, डोळे तपासून याद्या करून आले होते. नाव, वय, गाव, आणि कोणता डोळा. त्या याद्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या आणि प्रत्येक पेशंटची एक चिठ्ठी छापून द्यायची, एवढंच काम. सर म्हणाले, "त्याचा प्रोग्राम तू लिहितेस का?" मी म्हणाले, "दोन दिवसांत देते." दीड दिवसात दिलं.

"तपासलंस?" सरांनी विचारलं.

"चालतंय की सर."

"चालतंय ते दिसतंय. तपासलंस का?"

मी हो म्हणाले. चार सोपी नावं घालून बघितली होती, त्याला मी तपासणं म्हणत होते. सरांनीही कधी नव्हे ते माझ्या शब्दावर सोडलं.

आता मी काय केलं होतं ते सांगते. कॉम्प्युटरशी ज्यांचं वाकडं आहे त्यांनाही कळेल इतकं ते सोपं आहे. सी भाषेत प्रत्येक गोष्टीला आधी जागा नेमून द्यावी लागते. मी नावाला तीस घरं दिली होती, एका घरात एक इंग्रजी अक्षर. त्याला अगदी लागून डोळ्याचं एकच घर: डाव्याला L, उजव्याला R. त्यापुढं गावाची घरं. नाव कुठं संपलं हे मशीनला कळावं म्हणून शेवटच्या अक्षरानंतर एका घरात शून्य ठेवावं लागतं. म्हणजे तीस घरं असली तरी अक्षरं मावतात एकोणतीसच. हे मला ठाऊक होतं. फळ्यावर चौकोन काढून मी ते मुलांना शिकवलं होतं.

पण नाव उचलून त्याच्या जागी ठेवायला मी वापरली होती स्ट्रकॉपी. ही आज्ञा लिहायला सोपी आणि स्वभावानं बेफिकीर. जागा किती आहे हे ती बघतच नाही. नाव संपेपर्यंत अक्षरं ठेवत सुटते, शेवटी शून्य ठेवते, आणि आपली घरं भरली तर शेजारच्या घरात शिरते. शेजारी कोण राहतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यात आणखी एक शहाणपण माझं स्वतःचं होतं. चिठ्ठी छापताना मी लिहिलं होतं की डोळ्याच्या घरात L असेल तर LEFT छाप, नाहीतर RIGHT. माणसाला डोळे दोनच, तिसरं काही निघणार कुठून?

कार्यकर्त्यांच्या यादीत नावं आटोपशीर होती. सगळ्यात लांब नाव पंचवीस अक्षरांचं. तशीच छापली असती तर काही बिघडलं नसतं. पण यादीचा एक कागद मी घरी नेला, मिरवायला. माझे वडील जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले, त्यांना इंग्रजी अक्षरं सावकाश लावता येत. ओसरीवर बसून त्यांनी पहिली पाच-सहा नावं वाचली आणि चष्मा काढला.

"ही काय साळंतली हजेरी हाय का गं?"

"का? काय झालं?"

"ह्यातली निम्मी माझ्या बापाच्या वयाची असतील. कुणाला राव न्हाई, कुणाला बाई न्हाई. नुसती उघडी नावं! आपल्यात असं लिवत्यात व्हय?"

लिहीत नाहीत, हे खरं होतं. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या भाऊबंदालासुद्धा राव लावतात. वडिलांचं म्हणणं मला पटलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या प्रोग्राममध्ये नाव दुरुस्त करायची सोय होती तिचा उपयोग होतोय याचाच मला जास्त आनंद झाला. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर बसले आणि एकेक नाव उघडून दुरुस्त केलं. बायकांच्या नावाला बाई, त्यांच्या नवऱ्याच्या नावाला राव, पुरुषांना आणि त्यांच्या वडिलांना राव. बोटं दुखेपर्यंत मी मान वाटत होते.

चिठ्ठ्या छापल्या तेव्हा दोन चिठ्ठ्यांवर गावाचं नावच उमटलं नव्हतं. मला वाटलं, माझ्याकडूनच भरायचं राहिलं असेल. यादीत बघून पेनानं लिहून टाकलं. मशीन मला हाका मारून सांगत होतं की शेजारच्या घरांत कुणीतरी घुसलंय, आणि मी त्याच्या तोंडावर पेनानं सारवासारव करत होते.

शिबिराच्या दिवशी सकाळीच दवाखान्यात गर्दी झाली. डोंगरातून जीपगाड्या भरभरून आल्या होत्या. माझ्याकडे चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि नावं पुकारायचं काम. मी एकेक नाव माईकवरून मोठ्यानं वाचायची, माणूस उठून यायचा, चिठ्ठी घ्यायचा. पुढं बसलेल्या सिस्टर चिठ्ठी बघून त्या बाजूच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावायच्या, म्हणजे आत ऑपरेशनला कोणता डोळा ते कळावं.

घाटघरच्या एका आजीचं नाव मी पुकारलं. कुणी उठलं नाही. परत पुकारलं, तसंच बाई, राव सगळं लावून. तेव्हा भिंतीकडेची एक लहानखुरी म्हातारी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि इतकी ताठ चालत आली की मला हसू आलं. चिठ्ठी तिनं दोन्ही हातांनी घेतली.

तासाभरानं जरा उसंत मिळाली तशी मी बाकांवरून फिरत होते. कुणाला पाणी, कुणाला धीर. त्या आजीनं माझ्या ओढणीला हात लावला.

"पोरी, ह्यो रंग लई ग्वाड हाय. कारळ्याच्या फुलावानी पिवळा."

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला रंगबिंग चांगला दिसतो की!"

"ह्या डोळ्यानं समदं दिसतंय. शेरडं मोजती मी लांबनं. ह्यो डावाच गेलाय, निस्तं धुकं." आणि तिनं ज्या डोळ्यानं समदं दिसत होतं त्याच्याकडे बोट केलं. त्याच डोळ्याच्या भुवईवर चिकटपट्टी होती.

मी तिच्यापुढं खाली बसले.

"आजी, मग ही पट्टी इकडं कशी?"

"त्या बाईनं लावली. कागदावर तसंच हाय म्हनली."

"अहो, मग सांगायचं नाही का, डावा आहे म्हणून?"

मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलत असल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं. "कागदावर लिवलंय म्हंजी तुमी कायतरी बगूनच लिवलं आसंल. आन् मला जलमात कुनी बाई म्हनलं न्हाई, पोरी. तू म्हनलीस, समद्यांच्या म्होरं, दोनदा. येवढ्या मानानं बोलतोय त्यो कागद खोटं कशाला सांगंल?"

मला तिथंच रडू फुटलं असतं, पण वेळ नव्हता. चिठ्ठी घेतली आणि धावत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, बाहेर येऊन आजीचे डोळे बघितले आणि म्हणाले, "मी स्वतः बघितल्याशिवाय हात लावत नाही. टेबलावर कळलंच असतं." मी सुस्कारा सोडला तेवढ्यात ते पुढं म्हणाले, "पण मग ती पट्टी आम्ही कशाला लावतो? दिवसभर मान मोडून काम केल्यावर माणसाला कशावर तरी विसंबावं लागतं ना." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी माईक बाजूला ठेवला, कार्यकर्त्यांच्या मूळ याद्या घेतल्या आणि प्रत्येक माणसाजवळ जाऊन विचारलं, "कोणता डोळा?" आजीसारखी आणखी दोघं निघाली. दोघंही गप्प बसून होती, दोघांच्याही चिठ्ठीवर नावाला पुरेपूर मान होता. सगळ्या चिठ्ठ्यांवर मी हातानं मराठीत डावा नाहीतर उजवा असं लिहिलं. संध्याकाळी आजीचा डावा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी दारात उभी होते. ती आधी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, तळवा, मग उलटा हात, मग बांगड्या. मला तिच्यासमोर जायचा धीर झाला नाही.

क्लासमध्ये सरांना सगळं सांगितलं. त्यांनी प्रोग्रामचा कागद पुढं ओढला, स्ट्रकॉपीच्या ओळीशेजारी एक टिंब दिलं. मग छपाईच्या ओळीशेजारी दुसरं टिंब दिलं. तिसरं टिंब त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात, तपासणारा म्हणून छापलेल्या त्यांच्या स्वतःच्या नावाशेजारी दिलं. त्या तिसऱ्या टिंबानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्या शिवीनं वाटली नसती.

मग मला कळलं काय झालं होतं ते. आजीचं नाव यादीत चोवीस अक्षरांचं. माझ्या बाईची तीन आणि रावाची तीन धरून झालं बरोब्बर तीस. तीस घरं भरली, आणि नाव संपल्याचं शून्य जाऊन बसलं एकतिसाव्या घरात. ते घर डोळ्याचं होतं. L पुसला गेला, L नाही म्हणून मशीननं RIGHT छापलं. मशीनचं काही चुकलं नव्हतं. सांगितलं तसं केलं होतं त्यानं.

दुरुस्ती मी त्याच दुपारी केली, तावातावानं. स्ट्रकॉपीच्या जागी तिची शहाणी बहीण घातली, स्ट्र-एन-कॉपी. हिला आकडा सांगता येतो. मी सांगितलं, तीसच अक्षरं घे, एक जास्त घ्यायचं नाही. आजीचं नाव घालून छापलं. कागदावर नाव आलं, त्याला चिकटून L आला, आणि त्याला चिकटून घाटघर. सगळं एका दमात, मध्ये श्वास नाही. डोळा वाचला होता, पण नाव कुठं संपलं हेच मशीनला कळेना. शहाणी बहीण तीस अक्षरं घे म्हटल्यावर तीस घेते, आणि शून्याला जागा उरली नाही तर शून्य ठेवतच नाही. तेही कुणाला न सांगता.

वैतागून घरी गेले. मळ्यात कांदा भरायचं काम चाललं होतं. मीही पाटी घेऊन भरायला लागले, राग काढायला कांद्यासारखं दुसरं काही नाही. एक गोणी काठोकाठ भरली आणि आईपुढं ढकलली. आई दाभण आणि सुतळी घेऊन गोण्यांची तोंडं शिवत होती. तिनं गोणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वरचे चार-पाच कांदे काढून परत पाटीत टाकले.

"तोंड शिवायला जागा ठिवशील का न्हाई? कशाला शिवू मी, कांद्याला?"

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. गोणी शंभर किलोची असो नाहीतर पन्नासची, चार बोटं ताग वर मोकळा राहिलाच पाहिजे. भरणाऱ्याला वाटतं आणखी मावतंय, पण शिवल्याशिवाय गोणी ही गोणीच नाही. मी आईला म्हटलं, "आई, परत म्हण." ती म्हणाली, "येडी झालीस का?"

दुसऱ्या दिवशी मी स्ट्र-एन-कॉपीला सांगितलं, तीस नाही, एकोणतीसच घे. आणि तिसाव्या घरात शून्य मी माझ्या हातानं ठेवलं. नाव आलं, थांबलं, डोळा वेगळा, गाव वेगळं. कागद सरांपुढं ठेवला. त्यांनी तो ओळ न् ओळ बघितला. पेन्सिल उचलली.

"टिंब नाही देत," ते म्हणाले. "एक विचारतो. आजीचं तिसावं अक्षर कुठं गेलं?"

"कापलं गेलं."

"कुणाला विचारून?"

चिठ्ठ्यांचे नमुने ट्रस्टनं आधीच छापून दिले होते, नावाची चौकट त्यावर तेवढीच होती, म्हणजे घरं वाढवून भागणार नव्हतं. कुठंतरी कापावं लागणारच. पण गुपचूप कापणारा प्रोग्राम आणि मी, दोघांची खोड एकच होती हे मला तेव्हा लख्ख दिसलं. मी आणखी चार ओळी लिहिल्या. आधी नावाची अक्षरं मोजायची. मावत असेल तरच ठेवायचं. मावत नसेल तर टूं करून वाजायचं, पडद्यावर लिहायचं की नाव मोठं आहे, माणसाला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढं सरकायचं नाही. डोळ्याच्या घरात L आणि R सोडून काहीही दिसलं, तरी थांबायचं आणि विचारायचं.

आज इतकी वर्षं मी हेच काम करते. पुण्यात, मोठ्या इमारतीत, चपला न काढता. माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, मॅडम तुमचा प्रोग्राम फार प्रश्न विचारतो. विचारू दे, मी म्हणते.

पण त्याआधी, पहिल्या शिबिरानंतर दोन वर्षांनी, त्याच ट्रस्टचं शिबिर परत भरलं तेव्हाचं सांगायचं राहिलं. तोवर दोन हजार साल उलटलं होतं. या वेळी मी कॉम्प्युटर दवाखान्यातच नेला आणि नावं माणसं समोर बसवून भरायला घेतली. रांगेत घाटघरची आजी होती. दोन वर्षांत आणखी लहान झालेली, चाल तीच. आता तिच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला होता. तिनं मला ओळखलं.

"ओढनी कुठं गेली ती?"

मी हसले. तिचं नाव टाइप केलं, सगळा मान लावून. मशीन टूं करून वाजलं. आजी दचकली.

"काय झालं? नाय म्हनतंय का?"

"नाही आजी. तुमचं नाव एका अक्षरानं मोठं होतंय. मावत नाही. कुठं कमी करू, ते तुम्हीच सांगायचं." आणि मी, मेली सवय, पुढं म्हणाले, "बाई काढू का?"

"बाई नगं काढू!" ती एकदम म्हणाली. मग तिनं विचार केला. मागं रांग थांबली होती, कुणी खाकरत होतं, पण तिला घाई नव्हती. तिला आयुष्यात बहुधा कुणी असं विचारलं नव्हतं.

"मालकांचं काढ," ती म्हणाली. "त्यांचं नाव मी उभ्या जलमात तोंडात घ्येतलं न्हाई. तुमी तरी कशाला घेताय?"

मागची एक बाई फिसकन हसली. मी नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर ठेवलं, बाकीचं काढलं. मशीन गप्प बसलं. डोळ्याच्या घरापाशी येऊन थांबलं आणि मी तोंड उघडायच्या आत आजीनं उजव्या डोळ्याशी बोट नेलं.

"ह्यो. आन् इचारत जा गं समद्यांना. आमी सांगत न्हाई."

चिठ्ठी छापून बाहेर आली. तिनं ती डाव्या डोळ्याजवळ नेली, अगदी जवळ. अक्षर येत नव्हतं तिला, मराठी नाही की इंग्रजी नाही, पण बघत होती.

"ह्यात बाई कुठं हाय?"

मी तीन अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं, तिथं स्वतःचा अंगठा ठेवला आणि तो तसाच धरून आत गेली.